पुढच्याची पाठ

"मी तिच्याशी बोलू शकतो का?"

"चालताना आम्ही बोलत नाही."

"मग थांबल्यावर?"

"थांबल्यावर माझ्याशी बोल."

एवढं म्हणून गुरुणीमैयांनी लोकरीच्या झुपक्याचं रजोहरण काखेत घेतलं, उगवतीकडे एकदा पाहिलं आणि रात्रीच्या मुक्कामाच्या शाळेच्या फाटकातून बाहेर पाऊल टाकलं.

सूर्य नुकताच वर आला होता. त्याआधी त्या निघत नसत. अंधारात पायाखाली काय येईल ते दिसत नाही, म्हणून.

त्या तिघी जैन साध्वी होत्या. पांढरी वस्त्रं, तोंडावर पांढरी मुहपत्ती, खांद्याला लाकडी पात्रांची झोळी, अनवाणी पाय. चातुर्मास सोडला तर वर्षभर चालायचं, या गावाहून त्या गावाला. वाहनात बसायचं नाही.

सगळ्यांत पुढं एक अगदी तरुण, नवी साध्वी होती. तिच्या मागं मार्दवप्रभाजी. शेवटी गुरुणीमैया. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या मागं पडत आणि अधूनमधून थांबत.

विचारणारा पीयूष लुंकड होता. पिंपळगावचा. घरचं भांड्यांचं दुकान, पण त्याला लोक ओळखायचे ते सायकलमुळं. जिल्ह्यातल्या शर्यती तो जिंकायचा. आजही तो सायकलवरच आला होता. हलकी, काळी, बोटभर रुंदीच्या टायरची सायकल.

साध्वी रस्त्यानं चालतात तेव्हा गावोगावची जैन मंडळी आळीपाळीनं त्यांच्यासोबत जातात. द्राक्षांच्या दिवसांत या रस्त्यांवर पिकअप फार जोरात धावतात आणि सकाळी धुकं असतं. मागून कुणीतरी चमकदार जाकीट घालून असलेलं बरं.

ज्याची पाळी होती त्याला ताप आला. पीयूष म्हणाला, "मी जातो."

सगळ्यांना नवल वाटलं. कारण मार्दवप्रभाजी म्हणजे दीक्षेआधीची प्रांजल लुंकड. पीयूषची थोरली बहीण. दीक्षेच्या सोहळ्याला तो आला नव्हता. त्यानंतरही कधी दर्शनाला गेला नव्हता.

◆

तळेदिगरहून जांभूळगव्हाणला जाणारा रस्ता कादवा नदीच्या खोऱ्यातून जातो. एक चढ, एक उतार, परत चढ. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. मांडवाखाली घड लोंबत असतात आणि उन्हानं डागू नयेत म्हणून प्रत्येक घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला असतो. वारा आला की अख्खी बाग सळसळते.

पीयूषला हा रस्ता पाठ होता. कुठल्या वळणावर गिअर बदलायचा, कुठल्या उतारावर ब्रेकला हात लावायचा नाही, सगळं.

आज तो सायकल हातात धरून चालत होता. त्याच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा होता. डांबरावर त्याचा टक टक आवाज येत होता.

त्या तिघींच्या पावलांचा आवाजच येत नव्हता.

पहिला चढ संपला तिथं एक मोरी होती. गुरुणीमैया थांबल्या. रजोहरणाची मऊ लोकर त्यांनी कठड्यावरून हळूच फिरवली. एक मुंगी बाजूला झाली. मग त्या बसल्या.

पुढच्या दोघी थोड्या अंतरावर झाडाखाली उभ्या राहिल्या. मार्दवप्रभाजींची पाठ पीयूषकडं होती.

"बोल," गुरुणीमैया म्हणाल्या.

पीयूषनं सायकल कठड्याला टेकवली.

"तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलायचं होतं."

"काय?"

"एकच वाक्य आहे."

"मला सांग."

ते वाक्य पीयूषनं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की आता ते मोठ्यानं म्हणताना आपलाच आवाज त्याला परका वाटला.

"आई तुझी वाट बघत गेली."

...

बागेत कुठंतरी फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला.

"आजारी होती," पीयूष म्हणाला. "शेवटी तर बोलणंही बंद झालं. नुसती दाराकडं बघायची. मी निरोप पाठवला. तुम्ही परभणीच्या पुढं होता. निरोप पोहोचला म्हणून उलट निरोप आला. बाकी काही नाही. मग आई गेली. तोही निरोप पाठवला. तोही पोहोचला."

"परभणीहून पायी यायला किती दिवस लागतात?"

"मला माहीत आहे. पोहोचता आलं नसतं."

"मग?"

"निघता तर आलं असतं."

गुरुणीमैयांनी त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाक्य चांगलं धारदार ठेवलंयस," त्या म्हणाल्या. "जा, सांग तिला. मी अडवणार नाही."

पीयूषला हे अपेक्षित नव्हतं.

"आत्ता?"

"आत्ता ती थांबलेली आहे. हाक मार."

पीयूष वळला. बहीण हाकेच्या अंतरावर होती. त्यानं तोंड उघडलं.

पण हाक कोणती मारायची?

लहानपणापासून ताई म्हणत आलेला. दीक्षा झाली त्या दिवसापासून ते नातं संपलं, असं शास्त्र सांगतं. आता महासतीजी म्हणायचं. त्याचे वडीलसुद्धा हात जोडून महासतीजी म्हणत. त्याच्या तोंडून तो शब्द निघणं शक्य नव्हतं. आणि दुसरा शब्द तिचा राहिला नव्हता.

तो तसाच उभा राहिला.

...

"काय झालं?"

"काही नाही."

"वाक्य तयार आहे," गुरुणीमैया म्हणाल्या, "हाक तयार नाही."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"तुझ्या बुटांचा फार आवाज होतो, भाई. सायकलवर बस."

◆

चालणाऱ्या माणसाच्या मागं सायकल चालवणं सोपं नसतं. पीयूषला ते आजवर ठाऊक नव्हतं.

वेगात असताना सायकल आपली आपण उभी राहते. पावलाच्या गतीला आणली की ती डगमगायला लागते. हँडल इकडं वळतं, तिकडं वळतं. मांड्या भरून येतात. पीयूष ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा.

एका ठिकाणी गुरुणीमैया एकदम थांबल्या. रस्त्यावरून एक गोगलगाय चालली होती. पीयूषही थांबला, पण बूट पेडलमधून सुटला नाही. तो सायकलसकट आडवा झाला तो थेट बागेच्या कडेला, ठिबकच्या नळीवर.

नव्या साध्वीनं मागं पाहिलं. मुहपत्तीमागं ती हसली असावी. तिचे डोळे बारीक झाले.

मार्दवप्रभाजींनी मागं पाहिलं नाही.

पीयूषनं कोपराला लागलेली माती झटकली. त्याला पडण्याचं काही वाटलं नाही. सायकलवाले पडतातच.

तिनं पाहिलं नाही, हे मात्र त्याला लागलं.

◆

वाटेत एक छोटं गाव लागलं. पंधरा-वीस घरं, एक मारुतीचं देऊळ, एक पत्र्याची शेड. सकाळची वेळ असूनही गावात सामसूम होती. सगळी माणसं बागेत गेलेली. फक्त शेडमध्ये काही बाया बसून द्राक्षांचे घड साफ करत होत्या. कात्रीनं बारीक मणी काढायचे, घड पुन्हा उलटून बघायचा, आणि मगच क्रेटमध्ये ठेवायचा.

साध्वींना पाहून एक वयस्कर बाई उठून आली. हातात दोन घड. पदर डोक्यावर घेऊन तिनं ते पुढं केले.

गुरुणीमैयांनी हात जोडले. "आम्हाला चालत नाही, बाई. मांडवावरून तोडलेलं तसंच आम्ही घेत नाही. उकळलेलं पाणी असेल तर द्या."

"उकळलेलं नाही हो. चहाचं असतं, ते संपलं. आता उकळून देते."

"आमच्यासाठी म्हणून उकळू नका. असलं तर द्यायचं."

बाई कानकोंडी झाली. देण्याजोगं काहीच हातात नाही याचं तिला वाईट वाटलं. मग तिची नजर पीयूषकडं गेली. त्यानं दोन्ही घड घेतले, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

"एवढ्या थंडीत अनवाणी," ती म्हणाली. "आणि ही पोर किती नाजूक आहे." तिनं मार्दवप्रभाजींकडं पाहिलं. मग पीयूषला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

पीयूष द्राक्षांकडं बघत होता.

"कुणी नाही," तो म्हणाला. "सेवेला आलोय."

मोठ्यानं म्हणाला. जरा जास्तच मोठ्यानं.

मार्दवप्रभाजी चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी रजोहरण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि चालायला लागल्या.

बाई शेडकडं परत जाता जाता म्हणाली, "चेहरा सारखा वाटला म्हणून विचारलं."

पीयूषनं द्राक्षं खाल्ली नाहीत. जाकिटाच्या पाठीमागच्या खिशात ठेवली. वाटेत ती चिरडली आणि पाठीला चिकट ओल लागत राहिली.

◆

गाव संपल्यावर मोठा चढ होता. हा रस्त्यावरचा सगळ्यांत लांब चढ. माथ्यावर पोहोचलं की पश्चिमेची डोंगररांग दिसते आणि समोरून वारा अंगावर येतो. दिवसभर येतो. या माथ्यावरची झाडंसुद्धा एका बाजूला कललेली आहेत.

गुरुणीमैया धापा टाकत वर आल्या. वस्त्र वाऱ्यानं फडफडत होतं. त्या एका दगडाच्या आडोशाला बसल्या.

पुढच्या दोघी उताराच्या तोंडाशी थांबल्या.

या वेळी गुरुणीमैयांनीच बोलायला सुरुवात केली.

"लोक सांगतात, तू फार जोरात सायकल चालवतोस."

"हो."

"किती?"

पीयूषनं सांगितलं. सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली. कुठल्या शर्यती, कुठले घाट. मागच्या वर्षी पुण्याची पोरं आली होती, त्यांनाही त्यानं याच चढावर मागं टाकलं होतं.

"म्हणजे तुझ्यापुढं कोणी नसतं."

"कोणी नसतं."

"मग वारा?"

पीयूषला प्रश्न कळला नाही. मग कळला. हा प्रश्न सायकल न चालवणाऱ्यानं विचारावा याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"पुढं असलं की वारा आपल्यालाच लागतो," तो म्हणाला. "मागच्याला लागत नाही. पुढच्याच्या अगदी मागं राहिलं ना, चाकाला चाक लावून, की मागच्याला निम्म्या ताकदीत तेवढंच पळता येतं. पुढचा दमतो, मागचा ताजा राहतो."

"तू पहिल्यापासून पुढंच असायचास?"

"नाही."

"मग पुढं कोण असायचं?"

पीयूषची नजर उताराच्या तोंडाशी गेली. वाऱ्यात दोन पांढऱ्या आकृती उभ्या होत्या. एक जरा पुढं, दुसरी तिच्या मागं.

...

"तीच," तो शेवटी म्हणाला. "सायकल तिनंच शिकवली. सुट्टी असली की पहाटे निघायचो. पिंपळगाव, वणी, परत. याच रस्त्यानं. हा माथा आला की म्हणायची, मागं ये. मग खाली उतरेपर्यंत सगळा वारा ती घ्यायची. मी शाळेत होतो. मला वाटायचं, मी फार जोरात चालवतो."

"मागच्याला काय दिसतं?"

"पुढच्याची पाठ."

"आणखी?"

"बाकी काही नाही. पाठच बघायची असते. नजर हटली की चाकाला चाक लागतं."

"ती वळून बघायची?"

"नाही."

"कधीच?"

"वळून बघायचं नसतं. पुढच्यानं मागं पाहिलं की त्याची सायकल वळते. मागचा त्याच्यावर आदळतो. दोघंही पडतात."

हे तो सहज बोलून गेला. कुठल्याही नवशिक्याला सांगतो तसं. बोलून झाल्यावर मात्र तो थांबला. आपणच बोललेलं त्याला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं.

वारा दगडाला वळसा घालून येत होता.

"मग तू मागं आहेस हे तिला कसं कळायचं?" गुरुणीमैयांनी विचारलं.

"चाकाच्या आवाजावरून." पीयूषचा आवाज खाली आला होता. "उतारावर पेडल मारणं थांबवलं की मागचं चाक टिकटिक करतं. तो आवाज आला की तिला कळायचं, मी आहे."

"आणि आवाज आला नाही तर?"

"तर ती वेग कमी करायची."

...

गुरुणीमैया उठल्या.

"उतारावर माझे गुडघे वेळ घेतात," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबू नकोस. तू त्यांच्या मागं जा."

◆

माथ्यावरून खाली जाणारा उतार वळणावळणाचा आहे. डाव्या हाताला बागा पायऱ्यांसारख्या खाली उतरत जातात. उजव्या हाताला ओढा. एरवी पीयूष इथं हँडलवर छाती टेकवून दगडासारखा खाली जायचा आणि बागा नुसत्या हिरव्या रेघा व्हायच्या.

आज तो ब्रेक धरून उतरत होता. पुढं नवी साध्वी, तिच्यामागं मार्दवप्रभाजी, त्यांच्यामागं तो.

बहीण त्याच्यापुढं होती. बोलायचं ठरवलं असतं तर मोठ्यानं बोलायचीही गरज नव्हती.

तो पाठ बघत राहिला. खांदे पूर्वीपेक्षा अरुंद झाले होते. डावा पाय किंचित बाहेर पडत होता. तो पहिल्यापासूनच तसा पडायचा.

मागून गाडीचा आवाज आला. पीयूषनं मान वळवली. क्रेटनी भरलेला पिकअप माथ्यावरून खाली येत होता, रस्त्याच्या मधोमध. पीयूषनं एक हात उंच करून हलवला. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. पीयूष तसाच मागं बघत, हात हलवत, रस्त्याच्या डाव्या कडेला सरकत गेला. पेडल थांबलेले होते. चाक टिकटिक करत होतं.

गाडी हळू झाली आणि लांबून निघून गेली.

पीयूषनं मान पुढं केली.

आणि त्याला तो हात दिसला.

मार्दवप्रभाजींचा डावा हात वस्त्राबाहेर आला होता. पाठीमागं, कंबरेच्या जरा खाली. पंजा उघडा, बोटं जमिनीकडं. तो हात डावीकडं दोनदा हलला.

सायकलवाले एकामागोमाग जातात तेव्हा मागच्याला रस्ता दिसत नाही. पुढच्याला दिसतो. वाटेत खड्डा असला, दगड असला, काच असली, तर पुढचा ओरडत नाही. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू जात नाही. तो पाठीमागं हात नेतो आणि ज्या बाजूला धोका आहे त्या बाजूला हलवतो. मागचा विचार करत नाही. नुसता वळतो.

पीयूष वळला.

विचार न करताच वळला. हँडल उजवीकडं गेलं, आणि डाव्या कडेला पसरलेल्या काचा त्याच्या टायरपासून वीतभर अंतरावरून मागं गेल्या. बाटली कुणीतरी रात्री फोडलेली असावी. काचा उन्हात चमकत होत्या.

त्यानं पुढं पाहिलं तेव्हा हात परत वस्त्राच्या आत गेला होता.

पाऊल थांबलं नाही. मान वळली नाही. चाल तीच राहिली, डावा पाय किंचित बाहेर पडणारी.

पीयूषनं ब्रेक दाबला. या वेळी बूट पेडलमधून सुटला. एक पाय जमिनीवर टेकून तो रस्त्यावर उभा राहिला, आणि त्या दोघी पुढच्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत तसाच उभा होता.

मग तो सायकल आडवी ठेवून मागं गेला. वाकला. एकेक काच उचलून रुमालात गोळा केली. अनवाणी पायांनी अजून एकजण त्या वाटेनं यायची होती.

◆

गुरुणीमैया आल्या तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसलेला होता. बोटाला थोडं कापलं होतं. तो उठून उभा राहिला.

त्या थांबल्या.

"तुम्ही पाहिलंत?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तिनं हात केला."

"मी खाली बघून चालत होते."

पीयूषनं मान हलवली. काही वेळ तो कापलेलं बोट दाबत राहिला.

"मैया," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं त्यांना काही म्हणून हाक मारली होती. "आई गेल्याचा निरोप तिला कुणी सांगितला?"

"मी."

"कुठं?"

"एका गावात. उतरायला जैन स्थानक नव्हतं तिथं. कुणाच्या तरी घरची बाहेरची खोली दिली होती आम्हाला. त्या खोलीत."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

पीयूषनं वर पाहिलं. जे विचारायला तो आला नव्हता ते आता त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि ते विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"ती रडली का?"

...

ओढ्याचं पाणी वाजत होतं. मांडवाखालून कुणीतरी कुणाला तरी क्रेट आणायला सांगत होतं.

"तू जैन घरातला आहेस," गुरुणीमैया म्हणाल्या. "सोडून आलेल्या घरासाठी साध्वी रडली आणि गुरुणीनं ते पाहिलं, तर गुरुणीनं काय करायचं असतं?"

"प्रायश्चित्त द्यायचं असतं."

"द्यायचं असतं की द्यावंच लागतं?"

"द्यावंच लागतं."

"हं."

"तुम्ही दिलंत?"

"नाही."

पीयूषनं डोळे मिटले. त्याचा चेहरा सकाळी होता तसा पुन्हा कडक होऊ लागला.

"म्हणजे रडली नाही," तो म्हणाला.

गुरुणीमैयांनी खांद्यावरची झोळी नीट केली. वळणाकडं पाहिलं. पुढच्या दोघी दिसत नव्हत्या. त्यांनी एक पाऊल उचललं, आणि चालताना बोलायचं नाही म्हणून ते परत खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी सूर्य मावळेपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसले होते, भाई."